टोच्या

चेंदणीच्या बाजारात सात वाजता
बर्फाची लादी येते, गोणपाटात गुंडाळलेली.
गोमती नाखवा पदर खोचून बसते
आणि पाटीखालून टोच्या काढते.

वीतभर लांब, गोल, काळा गज.
पातं नाही. धार नाही.
टोकाशी जरासा चपटा, पेचकसासारखा,
मुठीला सायकलची ट्यूब आवळलेली.
खच्च.
लादीत आधी एक पांढरी रेघ धावते,
मग लादी उघडते.

मी शिलाई मशीनवाला.
जांभळी नाक्याच्या मागे माझं चार बाय सहाचं दुकान.
तिच्या सुनेचं मशीन टाका सोडत होतं म्हणून घरी गेलो,
तेव्हा तो ओट्यावर वाळत पडला होता, चमच्यांच्या शेजारी.
सवयीने चिंधीला रॉकेल लावलं,
ट्यूब थोडी सरकवली, गंज पुसला.
एस. एम.
खाली आकडे, अर्धे खाल्लेले.

ही अक्षरं मी ओळखतो.
वडिलांनी गिरवून घेतली होती माझ्याकडून,
बाराखडीच्या आधी.
स्कॉटलंडचा तो कारखाना, जिथून आमची मशीनं येत,
लढाईच्या वर्षांत बंदुकीच्या तोंडाला लावायचे
हे खिळे पाडत होता.
तीच भट्टी असेल, तेच कामगार,
जेवणाची सुट्टीही तीच.
हातात धरून मी नेढं शोधत होतो, खुळ्यासारखा.
नेढं नसलेली सुई:
जाते, येते,
मागे टाका ठेवत नाही.

'कुनाला लागलाय का गं हा कधी?'
'मना काय म्हाईत.
सासऱ्यानी आनला, कल्यानचे छावनीशी.
लराय सरल्यावर शेरानी इकत व्हते.'
आणि म्यान? लोखंडी नळी असते याला.
तिने चुलीकडे बोट केलं.
गॅस आला त्याला वीस वर्षं झाली
तरी नळी होती तिथेच, टोक कापलेली.
सासूने तिची फुंकणी केली होती.

चूक माझीच. दुकानात बोलून गेलो.
कर्णिकसाहेब घोडबंदरहून आले, रंगाच्या कंपनीतून निवृत्त,
घरी काचेचं कपाट, आत जांभळं मखमल.
'पाच नंबर आहे माझ्याकडे, सात आहे, नऊ आहे.
चारचा हा प्रकार नाही.
खूण खरी निघाली तर बारा हजार.
म्यान असेल तर वीस.'

गोमतीबाई तेव्हा बोंबील निवडत होती.
'अन् बरफ?' ती म्हणाली.
'बरफ काय तुजे दातांनी फोरू?'
बाजार हसला. साहेबही हसले,
पण पाकीट हातात तसंच.
पलीकडे सून उभी होती, ती हसली नाही.
तिच्या मुलाची फी मला माहीत होती,
मशीनचे माझे पैसेही अजून यायचे होते.

साहेबांनी तो माझ्या हाती दिला.
'तुम्ही जाणकार. बघा बरं,
एस. एम. आहे ना?'

मी चष्मा वर केला.
नखाने खरवडलं.
बर्फाचं पाणी टोकावरून
माझ्या चपलेत पडत होतं.
'झिजलंय,' म्हणालो. 'अक्षर लागत नाही.'

का, ते अजून सांगता येत नाही.
बाईंचं भलं केलं म्हणावं तर
सुनेच्या नजरेला नजर देत नाही मी.
साहेब पुढच्याच महिन्यात पुण्याहून दुसरा घेऊन आले,
चकचकीत, कधीच न वापरलेला,
आणि मला दाखवायला मुद्दाम थांबले.
मी छान म्हणालो. छानच होता.

बुधवारी मी मासळी घेतो. तिच्याकडेच.
ती भाव करू देत नाही,
मी लादीकडे बघत राहतो.
ट्यूब आता नवी आहे, लाल,
अक्षरांच्या थेट वरून घट्ट आवळलेली.
कोणी आवळली, विचारलं नाही.
खच्च.
रेघ धावते. कुठे जाईल
ते टोचणाऱ्यालाही आधी कळत नाही.